कणीक मळणारे मनगट

"मॅडम, व्यायाम केला तर हाड पुन्हा मोडेल, आणि नाही केला तर मी अशीच जड होत जाईन. दोन्हीकडून नुकसान माझंच. मग करू तरी काय?" ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ४४ वर्षांच्या एका ताईंनी हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांचा उजवा हात पर्सखाली झाकलेला होता. बोलता बोलता त्यांनी पाण्याची बाटली डाव्या हाताने माझ्यापुढे सरकवली आणि झाकण उघडून द्यायला सांगितले. हे त्यांनी इतक्या सवयीने केले, की आपण काही मागितले आहे याची त्यांना जाणीवही नसावी. मनगटाच्या जुन्या दुखण्यासह व्यायाम करावा की नाही, ही चिंता घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात. या ताईंची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे.

ताई रोज ट्रान्स हार्बरच्या लोकलने वाशीला नोकरीसाठी जातात. दोन पावसाळ्यांपूर्वी ओल्या जिन्यावर त्यांचा पाय घसरला, तोल सावरण्यासाठी त्यांनी हात पुढे टेकला आणि मनगटाजवळ रेडियस हे कोपरापुढच्या हातातले अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडले. पसरलेल्या तळव्यावर पडल्याने होणारी ही दुखापत इतकी नेहमीची आहे, की अब्राहम कॉलिस या आयरिश शल्यचिकित्सकाने क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, १८१४ साली, तिचे वर्णन करून ठेवले होते. ताईंचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता, हाड जुळले आणि डॉक्टरांनी कामाला लागायला सांगितले. त्याआधी अनेक वर्षे त्या रोज सकाळी बारा सूर्यनमस्कार घालत असत. प्लास्टर निघाल्यावर महिन्याभराने, मधली एकही पायरी न घेता, त्यांनी पूर्वीसारखाच पहिला नमस्कार घातला आणि तळव्यांवर भार येताच मनगटातून कळ गेली. "आता नको गं, पुन्हा मोडून घेशील," असे सासूबाई काळजीने म्हणाल्या. त्या दिवशी कपाटामागे गेलेली सतरंजी पुन्हा बाहेर आली नाही, आणि हळूहळू तलावपाळीची संध्याकाळची फेरीही बंद झाली. वास्तविक चालण्याचा मनगटाशी काहीच संबंध नव्हता.

अशा वेळी मनाविषयी बोलायची घाई मी करत नाही. दुखणे खरे असते, आणि ते कशामुळे आहे हे तपासणे माझे काम नसून डॉक्टरांचे आहे. आधी तपासणी करून घेण्याचा आग्रह मी का धरते, ते ऐरोलीच्या एका तरुणामुळे सांगता येईल. तो ताईंच्या अगदी उलट होता. क्रिकेट खेळताना हातावर पडल्यानंतर 'मुरगळले असेल' असे समजून तो वर्षभर दुखऱ्या मनगटाने जोर काढत राहिला. दुखते म्हणजे ताकद येते, अशी त्याची समजूत होती. तपासणीत त्याच्या मनगटातले स्कॅफॉइड नावाचे लहान हाड मोडलेले आणि न जुळलेले निघाले. मनगटात दोन ओळींत मिळून आठ लहान हाडे असतात. त्यांतल्या अंगठ्याच्या बाजूच्या या हाडाला रक्तपुरवठा उलट्या दिशेने, म्हणजे बोटांकडच्या टोकाकडून, होतो. त्यामुळे ते मोडल्यास जुळायला अवघड असते, आणि पहिल्या एक्स-रेमध्ये त्याचा तडा कधीकधी दिसतही नाही. म्हणून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, मनगट अडकत किंवा खटकत असेल, सूज उतरत नसेल, बोटांना मुंग्या येत असतील, हातातून वस्तू सुटत असतील किंवा रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर आधी हाताच्या तज्ज्ञाला दाखवावे. व्यायामाचा विचार त्यानंतर.

ताईंचा नवा एक्स-रे चांगला आला. हाड नीट जुळले होते. मनगट मागे वाकण्याचे प्रमाण डाव्या हाताच्या तुलनेत कमी होते, पकड कमजोर होती, आणि फिजिओथेरपिस्टने व्यायाम सुरू करायला सांगितले होते. तरीही पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, "हाड जुळलंय, तर दुखतं कशाला? काहीतरी राहून गेलं असणार." हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि 'घाबरू नका' एवढे सांगून तो सुटत नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली आणि २०२० साली सुधारलेली वेदनेची व्याख्या असे मानते, की वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून होणारा अनुभव आहे आणि प्रत्यक्ष इजा नसतानाही तो इजेसारखा जाणवू शकतो. महिनोन्महिने न वाकलेला सांधा आणि न वापरलेले स्नायू थोड्याशा ताणानेही दुखतात, आणि एकदा धसका घेतलेली मज्जासंस्था त्या लहान दुखण्याचीही मोठी सूचना देते. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली हे चक्र नीट उलगडून दाखवले होते. दुखण्याची भीती बसली की माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने शरीर अशक्त होते, आणि अशक्त शरीर आणखी लवकर दुखते.

हे सगळे ताईंनी शांतपणे ऐकले, पण पटल्याचे काही दिसले नाही. मग मी सहज विचारले, "घरी कणीक कोण मळतं?"

"मीच. दुसरं कोण मळणार?"

"कशी मळता, जरा दाखवता?"

त्या उठल्या, माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि कल्पनेतल्या परातीवर दोन्ही तळवे रोवून त्यांनी खांद्यातून जोर दिला. उजवे मनगट चांगलेच मागे वाकले होते, कोपर सरळ होते आणि अंगाचा भार तळहाताच्या मुळावर येत होता. मी त्यांना तसेच थांबायला सांगितले आणि फिजिओथेरपिस्टने दिलेला कागद शेजारी ठेवला. भिंतीला तळवे टेकून हलका जोर देण्याचा त्यावरचा पहिलाच व्यायाम त्यांनी भीतीपोटी एकदाही केला नव्हता. ताई त्या कागदाकडे आणि मग स्वतःच्या हाताकडे पाहत राहिल्या.

"मळताना दुखत नाही का?" मी विचारले.

"दुखतं की. पण ते काम आहे, करावंच लागतं."

त्या उत्तरावर आम्ही पुढचा जवळजवळ सगळा वेळ बोललो. घरासाठी दुखणे सोसायचे आणि स्वतःसाठी केलेल्या दहा मिनिटांत मात्र तेच दुखणे धोक्याचे समजायचे, हा हिशेब मी अनेक बायकांच्या बोलण्यात ऐकला आहे, आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटते. मनगटाला मात्र परात आणि भिंत यांतला फरक कळत नाही. जो हात रोज चार माणसांची कणीक मळतो, त्याला भिंतीचा भार पेलवेल, हे ताईंना माझ्या स्पष्टीकरणाने पटले नव्हते, ते स्वतःचा हात पाहून पटले.

त्यानंतर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आम्ही पायऱ्या ठरवल्या. आधी भिंत, मग स्वयंपाकाचा ओटा, मग पलंगाची कड आणि शेवटी जमीन. जमिनीवर टेकताना तळहाताच्या मुळाखाली घडी घातलेला टॉवेल ठेवायचा, म्हणजे मनगट कमी वाकते. प्लँक, म्हणजे पालथे होऊन शरीर फळीसारखे सरळ धरण्याचा व्यायाम, तळव्यांऐवजी कोपरापुढच्या हातावर करायचा, आणि चालणे मात्र त्याच संध्याकाळपासून पूर्ववत सुरू करायचे. एका वहीत ताई तीन गोष्टी लिहीत. काय होईल असे वाटते, करताना शून्य ते दहापैकी किती दुखले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती दुखते. तीनपर्यंत दुखले आणि सकाळी पूर्ववत झाले, तर तीच पायरी चालू ठेवायची. सकाळीही वाढलेलेच राहिले, तर एक पायरी खाली यायचे, पण पूर्ण थांबायचे नाही. पहिल्या पानावर 'सूज येईल, रात्री झोप लागणार नाही' असे लिहिले होते, आणि त्यापुढे दोन, मग एक.

सहाव्या आठवड्यात गणपती आले. मोदकांची उकड गरम असतानाच बराच वेळ मळावी लागली आणि वहीत सहाचा आकडा उमटला. त्याखाली एकच शब्द होता, 'संपलं'. ताई आल्या तेव्हा त्यांचा हात पुन्हा पर्सखाली होता. आम्ही मागची पाने एकेक करून वाचली. मनगटाला सूज नव्हती, मुंग्या नव्हत्या, आणि एका दिवसात नेहमीच्या कितीतरी पट काम झाले होते. ही इजा नसून अतिश्रम असावेत असे मला वाटले, तरी त्यांच्या समाधानासाठी मी फिजिओथेरपिस्टकडून खात्री करून घ्यायला सांगितली. चार दिवस त्या ओट्यावरून भिंतीवर आल्या आणि पाचव्या दिवशी आकडा दोनवर आला. माझ्या अनुभवात अशी एखादी घसरण पार केल्याशिवाय भीती खऱ्या अर्थाने सैल होत नाही.

आज सात महिन्यांनी ताईंचे मनगट पूर्णपणे दुखायचे थांबलेले नाही, आणि तसे आश्वासन मी त्यांना कधी दिलेही नव्हते. त्या टॉवेलच्या आधाराने सहा सूर्यनमस्कार घालतात, पकड पूर्वीपेक्षा सुधारली आहे, आणि व्यायामाच्या दिवशी कणीक त्यांचा मुलगा मळतो. कोपरे वाकवून अंगाचा भार तळव्यांवर तोलण्याचे चतुरंग दंडासन त्यांच्या यादीत अजून शेवटच्या ओळीवर आहे. ते कधी करायचे, हे पुढच्या महिन्यात फिजिओथेरपिस्टला दाखवून त्या ठरवणार आहेत.