एम.एस्सी. केमिस्ट्रीनंतर पेटंटच्या कामात गेलं तर शिकलेलं वाया जातं का?

लॅबमधून पेटंटकडे वळलं तर केमिस्ट्री सुटते का आणि एल.एल.बी. करावंच लागतं का, असं तुम्ही विचारलंय. एल.एल.बी.चं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. गरज नाही. पेटंट एजंट, म्हणजे दुसऱ्यांच्या वतीने पेटंटचे अर्ज करणारा नोंदणीकृत माणूस, व्हायला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी, 21 वर्षं पूर्ण आणि भारतीय नागरिकत्व लागतं. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा असते. प्रत्येक पेपरात किमान 50 टक्के आणि एकूण 60 टक्के मिळवावे लागतात. परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही, त्यामुळे जाहिरातीवर लक्ष ठेवा. कोर्टात उभं राहायचं असेल तर मात्र वकिली हवीच.

आता केमिस्ट्रीचं. मी सात वर्षं रंगांच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये होते आणि पेटंटच्या कामात येऊन अकरा वर्षं झाली. सुरुवातीचं एक प्रकरण सांगते. लोखंडावर लावायचा गंजरोधक लेप होता, त्यात दोन पिगमेंटं एकत्र वापरलेली. पेटंट कार्यालयाचा आक्षेप आला, पेटंट कायद्याचं कलम 3(ई): हे नुसतं मिश्रण आहे. म्हणजे दोन घटक एकत्र केले आणि प्रत्येकाने आपापलं काम केलं, तर त्याला शोध म्हणत नाहीत. उत्तराला सहा महिने. संशोधकाने दिलेल्या रिपोर्टमध्ये सगळे चांगले आलेले निकाल नीट मांडलेले होते, पण त्यातला एकही या आक्षेपाला पुरत नव्हता.

मी त्यांच्या लॅबमध्ये गेले. टेबलाखाली एका खोक्यात सॉल्ट स्प्रेमधून, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात गंज तपासायच्या चाचणीतून, काढलेली लेप दिलेली जुनी पॅनेलं पडली होती, मागे मार्करने तारखा आणि प्रमाण लिहिलेलं. "ती फसलेली आहेत मॅडम, टाकायची राहिलीत," ते म्हणाले. एकावर फक्त पहिलं पिगमेंट होतं, त्यावर चाचणीसाठी मुद्दाम कापलेल्या फुलीच्या चरीतून गंज बाजूला पसरला होता. दुसऱ्यावर फक्त दुसरं, तिथे फोड आलेले. तिसऱ्यावर दोन्ही निम्मं-निम्मं, एकूण प्रमाण तेवढंच, आणि चर जवळजवळ स्वच्छ. एकूण प्रमाण तेवढंच आहे, हेच महत्त्वाचं होतं! नाहीतर जास्त पिगमेंट घातलं म्हणून गंज कमी आला, एवढंच सिद्ध झालं असतं. त्या फसलेल्या पॅनेलांवरच आमचं उत्तर उभं राहिलं आणि पेटंट मिळालं. त्या खोक्यात काय शोधायचं हे मला कायद्याने शिकवलं नव्हतं, लॅबमधल्या वर्षांनी शिकवलं होतं.

औषधांच्या बाजूला गेलात तर कलम 3(डी) रोज भेटेल. माहीत असलेल्या औषधाचा नवा क्षार किंवा नवं स्फटिकरूप केलं, पण परिणामकारकतेत ठळक फरक नाही, तर पेटंट नाही. ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाच्या खटल्यात 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता. शरीरात 30 टक्के जास्त शोषलं जातं, एवढ्यावर भागलं नाही. मार्च 2023 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने टीबीवरच्या बेडाक्विलिनच्या फ्युमरेट क्षाराचा अर्ज फेटाळला. त्याला विरोध करणाऱ्यांत टीबीतून वाचलेल्या दोन बायका होत्या. एका क्षारावरून एवढं ठरतं, हे मला आजही विसरता येत नाही.

हाताने प्रयोग करणं मात्र सुटतं. ते खरंच आहे, आणि मला पहिली दोन वर्षं ते जड गेलं. दिवसभर वाचन आणि लिखाण असतं, आणि अर्जातल्या दाव्यात, म्हणजे ज्यावर हक्क मागतो त्या वाक्यात, तापमान "80 अंश" लिहायचं की "60 ते 90 अंश", यावर तास जातो. कारण फक्त 80 लिहिलं तर स्पर्धक 70 ला तेच करून मोकळा होतो, आणि 90 लिहिलं पण तिथे पदार्थ जळत असेल तर तोच दावा पुढे अडचणीत येतो.

नोकरी सोडायच्या आधी एक करून पाहा. तुमच्या लॅबमध्ये रोज वापरता त्या एखाद्या पदार्थाचं पेटंट काढा, त्यातलं उदाहरण 1 वाचा आणि तेवढ्याच मजकुरावर तुम्हाला बॅच घेता येईल का ते बघा. कुठे अडलात ते वहीत लिहून ठेवा. ते अडणं शोधताना वेळ कसा गेला हे कळलं नाही, तर परीक्षेचा अर्ज भरा.