मे महिन्यातलं नागपूर, ५.० गिगाहर्ट्झ आणि शांत पंखा

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: इंटेलचा आय५-१२६००के प्रोसेसर, झेड६९० मदरबोर्ड, सगळे पी-कोर (प्रोसेसरचे वेगवान गाभे) ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे ढकलून, ४.५ वरून ५.० गिगाहर्ट्झला न्यायचेत. मशीन झोपायच्या खोलीत आहे, रात्री व्हिडिओ रेंडरला लावता आणि घरचे आवाजाने वैतागलेत. कॅबिनेटमध्ये १६० मिमी उंचीपर्यंतचा कूलर बसतो, बजेट सहा हजार, गाव नागपूर. २४० मिमी रेडिएटरचा लिक्विड कूलर घ्यावा की फक्त पंख्याने थंड करणारा मोठा एअर कूलर?

मोठा एअर कूलर घ्या. मॉडेलकडे नंतर येतो, कारण तुमच्याकडे आवाज किती होणार हे कूलरच्या ब्रँडपेक्षा दोन गोष्टींवर जास्त ठरणार आहे: प्रोसेसर किती वॅट खातो आणि खोलीचं तापमान किती आहे.

आधी वॅट. प्रोसेसरची वीज फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा आत्ता पूर्ण लोडवर १.२० व्होल्टला १२५ वॅट जातात. ५.० साठी १.३० व्होल्ट द्यावे लागले तर फ्रिक्वेन्सीमुळे ११ टक्के आणि व्होल्टेजमुळे १७ टक्के, दोन्ही मिळून साधारण ३० टक्के वाढ. म्हणजे १६३ वॅट. तुमच्या चिपला नेमके किती व्होल्ट लागतील हे चिपच्या नशिबावर, पण हिशेब याच वळणाने जातो.

आता खोली. यूट्यूबवरचे रिव्ह्यूवाले एसी लावून २१-२२ अंशांत चाचणी घेतात आणि 'फक्त ६७ डिग्री!' म्हणून थंबनेल लावतात. ते आकडे जसेच्या तसे आपल्याकडे आणायचे नसतात. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा किती वर ठेवतो, तो फरक बघायचा. २२ च्या खोलीत ६७ म्हणजे ४५ अंशांचा फरक. १२५ वॅटला ४५ असेल तर १६३ वॅटला ढोबळमानाने ५९. थंडीत तुमची खोली २२ ला असेल तेव्हा प्रोसेसर ८१ ला थांबेल, झकास. मे महिन्यात बंद खोली ४० ला गेली की तोच प्रोसेसर ९९. १२६००के १०० ला वेग कमी करून स्वतःला आवरायला लागतो, त्यामुळे तिथे पंखा कितीही फिरवला तरी हातात फारसं काही उरत नाही. खोलीपेक्षा थंड करणं हे एअर कूलरलाही जमत नाही आणि लिक्विडलाही नाही. लिक्विड म्हणजे उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेणारं पाणी, रेडिएटरवर फिरते ती त्याच खोलीतली हवा.

नागपूरकरांची एक सोय मात्र आहे. मे महिन्यात खोलीत डेझर्ट कूलर धडधडत असतो, त्यात पीसीचा आवाज कुणाच्या बापाला ऐकू येत नाही. शांतता हवी असते ती डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, आणि तेव्हा खोली आपसूकच थंड असते. म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) दोन प्रोफाइल करून ठेवा. हिवाळ्याचं ५.० चं, मंद पंख्याचं. उन्हाळ्याचं ४.८ चं, १.२४ व्होल्टच्या आसपास जमतंय का बघा. वरच्याच हिशेबाने ते १४२ वॅटला येतं, म्हणजे २१ वॅट वाचले आणि चाळीसच्या खोलीत पारा ९१ ला. आणि गमावलं काय? जे रेंडर ५.० ला एका तासात होतं ते ४.८ ला साडेबासष्ट मिनिटांत होईल. अडीच मिनिटांसाठी ताटकळणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

फक्त डेझर्ट कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर घेऊ नका. त्या दमट हवेत धूळ फिनांवर (कूलरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांवर) लेपासारखी बसते, ब्लोअरने जात नाही.

आता आवाज. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले तरी कानाला जवळजवळ निम्मा वाटतो. १५५० आरपीएमचा (मिनिटाला तेवढे फेरे घेणारा) पंखा १००० वर आणला तर साडेनऊ डेसिबल कमी. उलट एकाच्या जागी तसेच दोन पंखे लावले तर वाढ फक्त ३ डेसिबलची. मग गणित सरळ आहे: भरपूर फिना, जाड ढाचा, दोन मोठे पंखे आणि ते सावकाश फिरणारे. छोट्या कूलरवर २००० आरपीएमचा पंखा लावून तेवढीच उष्णता काढता येईलही, पण घरचे तुम्हाला मशीनसकट हॉलमध्ये झोपवतील. खोक्यावर छापलेले '२६० वॅट टीडीपी' (कूलरला किती उष्णता झेपते त्याचा दावा) किंवा '२५ डीबी' हे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. वॅटच्या दाव्याला सर्वमान्य मोजमाप नाही, आणि आवाज कुणी किती अंतरावरून मोजला ते खोक्यावर नसतं.

उंचीमुळे तुमची निवड बरीच सोपी झाली आहे. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा शांत कूलरांमधला दादा, १४० मिमीचे दोन पंखे, पण उंची १६५ मिमी आणि किंमतही बजेटच्या बाहेर. तो विषय संपला. डीपकूल एके६२० बरोबर १६० मिमीचा. बसेल, पण काच त्याला टेकेल आणि थरथर काचेत उतरली की गुणगुण सुरू. थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई हा १५५ मिमीचा, सहा हीटपाइप (उष्णता फिनांपर्यंत नेणाऱ्या नळ्या), १२० चे दोन पंखे, कमाल १५५० आरपीएम. माझं मत यालाच. घेताना एलजीए १७०० चं, म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचं, ब्रॅकेट सोबत आहे ना एवढं दुकानदाराला विचारा. आणि रॅमची उंची मोजा. उंच हीटसिंकची आरजीबी रॅम असेल तर पुढचा पंखा वर सरकवावा लागतो, मग १५५ चे १६० कधी होतात कळत नाही. साधी बुटकी रॅम असेल तर ही भानगडच नाही.

२४० चा लिक्विड का नको? तुमच्या वॅटला त्याचा फायदा दोन-चार अंशांचा, आणि बदल्यात पंपाची बारीक घरघर जी रात्री मशीन रिकामं असतानाही चालूच राहते. पंखा मंद करता येतो, पंप एका मर्यादेखाली आणता येत नाही. वर्षानुवर्षं नळीतून पाणी किंचित किंचित कमी होतं, हवा आत राहते, आणि रेडिएटर पंपाच्या खाली बसवला असेल तर ती हवा पंपात येऊन खुळखुळते. इंटेलच्या १३९००के सारखा २५३ वॅटचा प्राणी असता तर मीच ३६० चा लिक्विड घ्या म्हणालो असतो.

कूलर बसवल्यावर खरं काम फॅन कर्व्हचं, म्हणजे किती तापमानाला पंखा किती फिरेल ते ठरवण्याचं, आणि लोक नेमकं तिथेच कंटाळा करतात. रात्री झोप मोडते ती सलग घूं आवाजाने नाही, वर-खाली होणाऱ्या आवाजाने. ब्राउझर उघडला की १२६००के क्षणात १५ अंश चढतो आणि लगेच उतरतो, त्याच्यामागे पंखाही धावतो. ६० अंशांपर्यंत पंखा ६५०-७०० वर सपाट ठेवा. ७५ ला ९००, ८५ ला १२००, ९२ च्या पुढे पूर्ण. बायोसमध्ये स्टेप-अप टाइम किंवा स्मूदिंग नावाची सेटिंग असते, ती चार-पाच सेकंद करा. हेडर (बोर्डावर पंख्याची वायर लागते ती जागा) पीडब्ल्यूएम मोडवर आहे का तेही बघा, चार पिनांच्या पंख्याला तोच लागतो. कॅबिनेटचे पंखे तीन पिनांचे असतील तर त्यांचे हेडर डीसी मोडवर हवेत, नाहीतर ते कायम पूर्ण वेगाने पळतील आणि तुम्ही बिचाऱ्या सीपीयू कूलरला शिव्या घालत बसाल.

पुढून हवा घेणारे दोन पंखे नसतील तर सहा हजारांतले उरलेले पैसे तिकडे घाला. रेंडर ग्राफिक्स कार्डवर चालत असेल तर त्याची गरम हवा वर येऊन थेट तुमच्या नव्या कूलरमध्ये शिरते.

सगळं जोडून झालं की ओव्हरक्लॉक न करता, आहे त्या सेटिंगवर, सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणाऱ्या चाचणीचा दहा मिनिटांचा रन घ्या. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये पॅकेज पॉवर (प्रोसेसर खातो ते वॅट) आणि कमाल तापमान बघा, भिंतीवर खोलीचा थर्मामीटर असेल तर तोही आकडा लिहून घ्या. त्यातून तुमचा खराखुरा अंश-प्रति-वॅट निघेल. तो इथे टाका, मग ५.० ला व्होल्टेज किती परवडेल ते ठरवू.