मुलीला दुसरीत कर्सिव्ह सुरू झालंय. घरी सराव कसा घ्यावा?

आधी ए ते झेड या क्रमाने गिरवणं थांबवा. कर्सिव्ह वळणावरून शिकवलं की पटकन बसतं. सी जमला की त्याच वळणातून ए, डी, जी, क्यू, ओ निघतात. मग आय, यू, डब्ल्यू, टी. नंतर एल, एच, के, बी, एफचे उंच फास. कॅपिटल सगळ्यात शेवटी, शाळेने घाई केली नाही तर.

खरी गोची जोडणीत असते. बहुतेक अक्षरांची शेपटी खालच्या रेघेवरून पुढे जाते, पण ओ, बी, व्ही आणि डब्ल्यूची वरून. त्यामुळे ‘ब्रेड’ लिहिताना बीनंतरचा आर हमखास बिघडतो. आमच्या चिरंजीवांचा तो आर कित्येक दिवस एन दिसायचा! शेवटी चार रेघी वहीत रोज फक्त ‘बीआर’, ‘ओआर’, ‘डब्ल्यूआर’ एवढ्या जोड्यांच्या दोन-दोन ओळी घेतल्या, तेव्हा कुठे सुटला.

आयचं टिंब आणि टीची आडवी रेघ शब्द संपल्यावरच द्यायला सांगा. मराठीत शब्द लिहून झाला की वरची रेघ ओढतो ना, तसंच. मुलांना हे लगेच कळतं.

दहा मिनिटं पुरे. पानभर एकच अक्षर लिहायला लावलं तर शेवटच्या ओळी पहिल्यांपेक्षा वाईट येतात, बघा हवं तर. पेन्सिल फार दाबून धरत असेल तर मधेच हात झटकायला लावा. वहीचा वरचा भाग किंचित डावीकडे कललेला असू दे. मुलगी डावखुरी असेल तर उजवीकडे.