पन्नाशीनंतर कोण घेते जी?

"पन्नाशी उलटल्यावर नोकरी गेली, आता कोण घेणार?" हा घोर घेऊन अनेक जण माझ्याकडे सल्ल्याला येतात. त्यातल्या एकांची गोष्ट, ओळख लपवून.

वय 53. नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या कारखान्यात 26 वर्षं स्टोअर सांभाळलं. एक विभाग बंद झाला आणि हे घरी बसले. धरमपेठेत माझ्याकडे आले ते केस ताजे रंगवून, कानाच्या पाळीवर काळा डाग तसाच. "वय ऐकते अन् फोन ठेवून देते मॅडम. चार महिन्यांपासून अर्जच करून राहिलो."

वयाची अडचण खोटी नाही, तसं मी भासवलंही नाही. पण आधी पैशाचं काढलं, कारण झोप तिथे उडाली होती. नोकरी सुटताना कंपनीने द्यायची, आपल्याच हक्काची ग्रॅच्युइटी मागायला त्यांना संकोच! शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. यांची वर्षंही 26, म्हणजे सरळ 15 महिन्यांचे पैसे, आणि ते 30 दिवसांत मिळायला हवे होते. पीएफची पेन्शन लगेच सुरू करायचं मात्र थांबवलं: वयाच्या 58 च्या जितकी वर्षं आधी घ्याल, तितक्या वर्षांचे 4-4 टक्के कायमचे कटतात.

बायोडेटा चार पानी. पहिल्या पानावर उंची आणि छंद. पडून राहिलेला माल निकाली काढल्याचं तिसऱ्या पानाच्या तळाशी. ते वर आणलं, बाकीचं गाळलं.

खरी गाठ वेगळीच होती. ज्या सप्लायरांशी वीस वर्षं रोज बोलले, त्यांतल्या एकालाही नोकरी गेल्याचं सांगितलं नव्हतं. "ज्याचं बिल अडवलं, त्यालाच काम मागू काय?" अहो, हिंगण्यातल्या लहान कारखान्यांत माणसं अशाच ओळखीपाळखीने लागतात. म्हटलं, नोकरी मागूच नका. "मोकळा आहे, स्टोअरचं काम कुठं असलं तर कळवा," इतकंच बोला.

पहिला फोन माझ्यासमोर. दोनदा नंबर लावून कापला. तिसऱ्यांदा पलीकडून आवाज आला, "भाऊ, तुमी? अन् ते बिल माझंच चुकलं होतं जी."

काम त्याच्याकडे नव्हतं, त्याच्या साडूकडे निघालं. आठवड्यातले तीन दिवस, पैसे जुन्या पगाराच्या निम्मे. तो आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही. बुधवारी दोघांना सोबत बोलावलं आहे.