स्तनात गाठ लागत नाही, तरी सूज आणि लाली आहे. कॅन्सर असू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की ताई 41 वर्षांच्या आहेत, अंगावर पाजणं कधीच बंद झालंय, तीन आठवडे एक स्तन सुजलेला, गरम आणि लालसर आहे आणि अँटिबायोटिकचा कोर्स संपूनही उतार नाही.

हो, असू शकतो. इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सरमध्ये कॅन्सरच्या पेशी कातडीतल्या बारीक लसिकावाहिन्या (लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) तुंबवतात, त्यामुळे गाठीऐवजी सूजच दिसते. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत असे एक ते पाचच, पण हा काही आठवड्यांत पसरतो. म्हणून मी स्पष्ट सांगते: दुसरं अँटिबायोटिक सुरू करून आणखी पंधरा दिवस घालवू नका. लेप आणि शेकही नको.

आरशासमोर उजेडात दोन्ही बाजू ताडून बघायला सांगा. कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे, ब्राच्या शिवणीचा बराच वेळ न जाणारा वळ, आत ओढलेलं निपल, काखेत गाठ. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली लाल दिसेलच असं नाही. जांभळट किंवा मुका मार लागल्यासारखी दिसते, आणि तिथेच फसगत होते. लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारून रोज फोटो काढा, डॉक्टरांना वाढ कळते. त्यासाठी जाणं मात्र लांबवू नका.

सोनोग्राफी (काखेसकट) आणि मॅमोग्राफी दोन्ही लागतात. मॅमोग्राफीत कधी नुसती जाड झालेली कातडी दिसते, गाठ दिसत नाही. तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. जाड सुईनं आतला तुकडा काढणारी ट्रू-कट बायोप्सी हवी, सोबत कातडीचा पंच, म्हणजे छोटा गोल तुकडा घेतात. नुसती एफएनएसी (बारीक सुईनं पेशी ओढून करतात ती तपासणी) पुरत नाही, कारण ईआर, पीआर, हर-टू या उपचार ठरवणाऱ्या खुणा तपासायला तुकडा लागतो. पंच निगेटिव्ह आला तरी शंका मिटत नाही. पू समजून कुणी चिरा द्यायला निघालं, तर सोनोग्राफीत पू दिसलाय का ते आधी विचारा.

निदान पक्कं झालं तर आधी केमो, मग स्तन काढण्याचं ऑपरेशन, मग रेडिएशन. पहिल्याच भेटीत ऑपरेशन सुचवलं तर कॅन्सरतज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

सोलापुरात सिव्हिलच्या सर्जरी ओपीडीत दाखवा, किंवा थेट बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला जा. रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा, मोफत उपचाराच्या सरकारी महात्मा फुले योजनेचं आरोग्यमित्राला (हॉस्पिटलातला योजनेचा मदतनीस) विचारा. बायोप्सी बाहेर झाली असेल तर रिपोर्टबरोबर ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइडही (तपासलेल्या काचपट्ट्या) मागून घ्या, पुढच्या हॉस्पिटलात त्या पुन्हा तपासतात.