पोराला फॉरेन्सिकचं वेड असेल तर

ताई, तुमचा ऑटिस्टिक पोरगा जेवताना पण फॉरेन्सिक, म्हणजे गुन्ह्याचे पुरावे तपासायचं शास्त्र, रक्ताचे डाग नि बोटांचे ठसे हेच बोलतोय म्हणून घाबरू नका ओ, आमचा पोरगा पण ऑटिस्टिक आहे आणि ह्याच विषयातनं तो आमच्याशी सगळ्यात जास्त बोलतो. बंद कर म्हणू नका, वेळ ठरवून द्या, जेवणानंतर अर्धा तास पूर्ण त्याचा, तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून ऐकायचं. टाल्कम पावडर, मऊ ब्रश, सेलोटेप नि काळा कागद आणून द्या, काचेच्या ग्लासावरचे ठसे मस्त उचलता येतात (पावडर हाताला लागलेली सहन होत नसेल तर ग्लोव्हज द्या). १८९७ ला कलकत्त्यात फिंगरप्रिंट ब्युरो (बोटांच्या ठशांच्या नोंदी ठेवणारं ऑफिस) निघाला, तिथं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाचं मोठं काम केलं, हे सांगा, बघा कसा खुलतो. पाहुण्यांचे ठसे मात्र विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत, हे स्पष्ट लिहून भिंतीवर लावा, आडून बोललेलं त्याला कळेलच असं नाही. दिवाळीत कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजारातल्या गर्दीत ओढत नेऊ नका, त्यापेक्षा सकाळी लवकर रंकाळा तलावावर न्या, मातीतले बुटांचे ठसे बघत आरामात फिरेल. आणि अशा पोरांना दहावीच्या पेपरला जादा वेळ मिळतो, त्यासाठी दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटचं आत्ताच बघायला लागा.