रोद्रिगो सोरोगोयेनचे सिनेमे पाहायला कुठून सुरुवात करावी?

‘बदला’ आणि ‘दोबारा’ आवडले, मग त्यांचे मूळ स्पॅनिश सिनेमेही शोधून पाहिले, आता स्पॅनिश दिग्दर्शक सोरोगोयेनचं नाव सारखं कानावर येतंय, तर त्याचं आधी काय पाहू, असं तुम्ही विचारलंय. आधी ‘एल रेइनो’ (2018) पाहा. ‘आस बेस्तास’ (2022) मात्र घरात शांतता असेल अशा रात्रीसाठी राखून ठेवा.

तुम्ही पाहिलेले दोन्ही मूळ सिनेमे ओरिओल पाउलो या दिग्दर्शकाचे. तो कोडी घालतो आणि शेवटी सगळा डाव उलटवतो. ती अपेक्षा ठेवून सोरोगोयेनकडे गेलात तर पहिल्या तासातच कंटाळाल. खुनी कोण, यात त्याला फारसा रस नसतो. ‘के दियोस नोस पेर्दोने’ (2016) मध्ये तर तो खुन्याला सिनेमाच्या मध्यावरच समोर आणतो. माझ्या मते त्याचं सगळं कसब एकाच जागी आहे: दोन माणसं बोलायला बसतात, आणि या बोलण्यातून आता चांगलं काही निघणार नाही हे त्यांच्याआधी आपल्याला कळतं. मग कॅमेरा हलत नाही, कट येत नाही, आणि आपल्यालाही उठून जाता येत नाही.

‘एल रेइनो’त एका प्रांतातला पुढारी भ्रष्टाचारात सापडतो आणि पक्ष त्याला एकट्यालाच पुढे करून हात झटकतो. पक्षाचं नाव संपूर्ण सिनेमात कुठे येत नाही. स्पेनमधल्या प्रेक्षकाला त्याची गरजही नव्हती. भ्रष्टाचाराच्या एका मोठ्या खटल्याच्या निकालानंतर 1 जून 2018 रोजी पंतप्रधान राहोय यांचं सरकार अविश्वास ठरावात पडलं होतं, आणि त्याच सप्टेंबरात हा सिनेमा लागला. यात एक बाल्कनीतला प्रसंग आहे. अंतोनिओ दे ला तोरे आणि लुईस साएरा हे दोन नट, बस्स. साएरा तिथे जे करतो ते पाहून मी सिनेमा थांबवला आणि तेवढाच प्रसंग परत लावला. या भूमिकेसाठी त्याला गोया, म्हणजे स्पेनचा सर्वात मोठा सिनेपुरस्कार, मिळाला.

तोच साएरा ‘आस बेस्तास’मध्ये शान नावाचा शेतकरी झालाय. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातलं ओस पडत चाललेलं डोंगरातलं गाव. तिथे एक फ्रेंच जोडपं येऊन राहिलंय, सेंद्रिय भाजी पिकवतंय, पडकी घरं उभी करतंय. पवनचक्क्यांची कंपनी जमिनीचे पैसे द्यायला तयार आहे, पण या फ्रेंच माणसाने नकार दिलाय. शान आणि त्याचा धाकटा भाऊ लोरेन्सो यांना ते पैसे घेऊन तिथून सुटायचंय. गावच्या गुत्त्यात तिघं समोरासमोर बसतात तो प्रसंग मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा मी फ्रेंच माणसाच्या बाजूने होतो. दुसऱ्यांदा शानचं म्हणणं नीट ऐकलं. जन्मापासून त्या मातीत राबलेला माणूस विचारतोय, की कालपरवा आलेल्याचं मत आणि माझं मत सारखं कसं? बांधावरून पिढ्यान्पिढ्या न बोलणारी घरं मी पाहिली आहेत, त्यामुळे मला त्याला खलनायक म्हणणं जमत नाही. पुढे तो जे करतो त्याची भीती वाटते, तरीही जमत नाही.

इथे एक गोष्ट सबटायटल्समधून पोचत नाही, म्हणून सांगतो. दोघे भाऊ आपसात गॅलिशियन बोलतात. फ्रेंच माणूस त्यांच्याशी स्पॅनिश बोलतो आणि घरी बायकोशी फ्रेंच. माझं आजोळ सिंधुदुर्गात. घरात मालवणी चाललेली असते आणि बाहेरचं कोणी आलं की सगळे पुस्तकी मराठीवर येतात. पण समोरच्याला आत घ्यायचं नसेल तेव्हा मुद्दाम मालवणीच चालू ठेवतात. शान नेमकं हेच करतो. म्हणून डब केलेली आवृत्ती कृपा करून लावू नका. सबटायटल्स वाचता वाचता भाषा कुठे बदलते तिकडेही कान ठेवा.

या सिनेमाला 9 गोया मिळाले आणि फ्रान्सचा सेझार पुरस्कारही. मध्यावर कथा दुसऱ्याच माणसाच्या हाती जाते आणि चाल मंदावते. तिथे पुष्कळ जण कंटाळले म्हणतात. मला तोच भाग जास्त धीराचा वाटला, फ्रेंच अभिनेत्री मारिना फोइसमुळे. कथेमागे गॅलिसियात घडलेली खरी घटना आहे. त्यातलं जोडपं डच होतं. ती मात्र आधी वाचू नका.

बाकीचं थोडक्यात. ‘माद्रे’ (2017) हा वीस मिनिटांहून कमी वेळाचा लघुपट. एका आईला फोन येतो, सहा वर्षांचा मुलगा समुद्रकिनाऱ्यावर एकटा आहे. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला होता. मुलं लहान असतील तर जपून. पुढे त्याने याच नावाचा पूर्ण सिनेमा केला आणि त्याची सुरुवात हाच लघुपट आहे, तेव्हा थेट तो पाहिला तरी चालेल. ‘के दियोस नोस पेर्दोने’ 2011 च्या ऑगस्टमधल्या माद्रिदमध्ये घडतो. पोप यायचेत, शहर उकाड्याने हैराण, आणि म्हाताऱ्या बायकांचे खून होतायत. यातली हिंसा खरोखर अंगावर येते. ‘अंतिदिस्तुर्बिओस’ (2020) ही सहा भागांची मालिका. घर रिकामं करायला गेलेल्या दंगलविरोधी पोलीस पथकाच्या हातून एक माणूस मरतो, तिथून सुरू होते. पहिला भाग तरी पाहाच.

या बहुतेक सगळ्यांची पटकथा सोरोगोयेनबरोबर इसाबेल पेन्याने लिहिली आहे. संवादांबद्दल मी एवढं बोललोय त्याचं निम्मं श्रेय तिचं.

गुन्हेगारीचा शीण आला की ‘लोस आन्योस नुएवोस’ (2024) लावा. एक जोडपं, दहा वर्षं, दहा भाग, प्रत्येक भाग नव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा. यात कोणी कोणाला मारत नाही. तरी दोघं बोलायला बसली की माझा जीव तसाच टांगणीला लागायचा.